आधी चंद्र, मग तारे : रोंगोरोंगो वाचणाऱ्यांना खुलं पत्र

रोंगोरोंगोच्या फळ्यांवर ताऱ्यांचं पंचांग वाचणाऱ्या सर्व अभ्यासकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमचे लेख मी मनापासून वाचतो. रापा नुईच्या लाकडी फळ्यांवर कुणाला कृत्तिकांचा पहाटेचा उदय दिसतो, कुणाला वर्षभराची नक्षत्रमाला, कुणाला सूर्याच्या उत्तर-दक्षिण फेऱ्या. त्यामागची ओढ मला परकी नाही. माझे आजोबा पेरणीचा अंदाज सूर्यनक्षत्रावरून बांधायचे. मृग कधी निघतो, त्याचं वाहन काय, हे ते पंचांगात बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवत. आकाशावरून वर्ष चालवणारी माणसं मी घरात पाहिली आहेत. म्हणून समुद्राच्या मध्यावर राहणाऱ्या, ताऱ्यांच्या आधारानं हजारो किलोमीटर होड्या हाकणाऱ्या लोकांनी आपलं आकाश लाकडावर कोरून ठेवलं असेल, ही कल्पना मला पटते. ती खरी ठरावी असं मला वाटतं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. ज्या घाईनं आपण ती सिद्ध करायला निघालो आहोत, त्या घाईत ती हातची जाईल अशी मला भीती वाटते.

विषय नवा असलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. रापा नुई म्हणजे नकाशावरचं ईस्टर बेट, दक्षिण पॅसिफिकमध्ये सुमारे २७° दक्षिण अक्षांशावर. चिलीचा किनारा तिथून साडेतीन हजार किलोमीटर दूर. बेट जेमतेम १६३ चौरस किलोमीटरचं. तिथले दगडी पुतळे, मोआई, सगळ्या जगाला ठाऊक आहेत. त्याच लोकांनी लाकडावर कोरलेली चिन्हं, म्हणजे अजून न उलगडलेली रोंगोरोंगो लिपी, मात्र फार थोड्यांना. जगभरात मिळून अशा दोन डझनांच्या आसपास वस्तू उरल्या आहेत. बहुतेक फळ्या, एक काठी, एक पक्षीमानवाची मूर्ती. त्यांवर मिळून सुमारे १५,००० चिन्हं वाचता येण्याजोगी आहेत. सेंटिमीटरभर उंचीची माणसं, फ्रिगेट पक्षी, मासे, कासवं, चंद्रकोरी, किरणं फुटलेले गोळे. ऑब्सिडियन या ज्वालामुखीतून निघणाऱ्या काचेच्या धारदार कपचीनं किंवा शार्कच्या दातानं कोरलेली. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून होते आणि ओळ संपली की फळी उलटी फिरवावी लागते, कारण पुढची ओळ डोक्यावर उभी असते. जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी १९५८ साली या चिन्हांची क्रमांकवार यादी केली आणि फळ्यांना रोमन अक्षरं दिली. आजही सगळे तेच क्रमांक वापरतात.

आता माझा स्वतःचा अनुभव.

काही वर्षांपूर्वी बार्थेलच्या आराखड्यांच्या छापील प्रती घेऊन मी एका चौकटीच्या वहीत मामारी नावाच्या फळीच्या काही ओळी हातानं उतरवल्या. शेजारच्या रकान्यात अश्विनी ते रेवती अशी सत्तावीस नावं लिहिली. तीन गोळे एका ओळीत दिसले, मृगातलं तिकांडं म्हणून टिपलं. आकड्यासारखी वळलेली शेपटी दिसली, मूळ नक्षत्र, विंचवाची नांगी. चिन्हांचा झुबका दिसला, कृत्तिका. पहाट होईपर्यंत निम्मी नक्षत्रं बसली होती आणि मला झोप येत नव्हती. दुसऱ्या दिवशी माझ्या भाचीनं मला न सांगता एक कागद पुढे ठेवला. त्यावरही चिन्हांच्या काही ओळी होत्या. 'मामा, हे पण वाच,' म्हणाली. मी वाचलं. तेवढीच नक्षत्रं, तितक्याच सहज बसली. मग तिनं सांगितलं की त्या ओळी निराळ्याच फळीच्या होत्या, आणि तिनं त्या उलट क्रमानं उतरवल्या होत्या.

त्या रात्री मला जे कळलं ते या पत्राचं मूळ आहे. सत्तावीस नक्षत्रं आणि शेकडो आकृत्या समोरासमोर ठेवल्या की जुळणी होतेच. जुळलं म्हणून ते खरं ठरत नाही. खरं असेल तर ते दुसरीकडे जुळता कामा नये.

आकृती म्हणजे अर्थ नव्हे, हे तर आपल्या पंचांगातूनच आपल्याला कळायला हवं. आजोबा वाचायचे ती वाहनं आठवा : बेडूक, कोल्हा, मोर, म्हैस, उंदीर. आर्द्राचं वाहन बेडूक असलं की घरात सगळ्यांना बरं वाटायचं, कारण त्याचा अर्थ भरपूर पाऊस. समजा आपली भाषा उद्या कुणालाच येत नाही, आणि एखाद्या परक्या माणसाच्या हाती या वाहनांच्या चित्रांची नुसती माळ लागली. तो म्हणेल, हे जंगलातल्या प्राण्यांचं वर्णन आहे. दुसरा म्हणेल, या राशी आहेत. पावसाचा अंदाज कुणाच्याही मनात येणार नाही. रोंगोरोंगोतला मासा हा मासाच असेल, किंवा मीन राशीसारखं काही असेल, असं आपण कशावरून धरतो?

मग सुरुवात कुठून करायची? आपल्याकडच्या ब्राह्मीचं उदाहरण घ्या. ती लिपीही शतकानुशतकं कुणाला वाचता येत नव्हती. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ साली ती उलगडली ती चित्रांवरून तर्क करून नव्हे. सांचीच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो, हे त्यांच्या लक्षात आलं. देवस्थानाच्या कठड्यावर इतक्या लोकांनी एकच शब्द कशासाठी लिहिला असेल? 'दानं'. दोन अक्षरं हाती लागली आणि तिथून लिपी उघडत गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवर तोच शब्द अजून दिसतो, 'थभो दानं', खांब दान दिला. अर्थ आधी जागेवरून कळला, अक्षर मागून आलं.

रोंगोरोंगोत असं एक 'दानं' आहे. ते ताऱ्यांचं नाही, चंद्राचं आहे.

मामारी फळी रोममध्ये आहे, 'सेक्रेड हार्ट्स' या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संघाकडे. तिचं लाकूड वनस्पतिशास्त्रज्ञांनी तपासलं आहे. ते थेस्पेसिया पॉपुल्निया, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत खाडीकाठी उगवणारा पारस पिंपळ, भेंडीचं झाड. या फळीच्या एका अंगावर, सहाव्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत, चंद्रकोरींची एक मालिका आहे. बार्थेलनी ती चांद्रमासाच्या रात्रींची यादी म्हणून ओळखली. पुढे १९९० साली भाषाशास्त्रज्ञ झाक गी यांनी तिचा बारकाईनं अभ्यास करून ती रापा नुईवर प्रत्यक्ष नोंदल्या गेलेल्या रात्रींच्या नावांशी ताडून पाहिली. ही नावं अमेरिकी नौदलातील विल्यम थॉमसन यांनी १८८६ साली बेटावर टिपली होती, आणि पुढे मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेद मेत्रो यांनीही स्वतंत्रपणे टिपली.

ती नावं तुम्ही मोठ्यानं म्हणून पाहा. आता, आरी, मग कोकोरे ताही, कोकोरे रुआ, कोकोरे तोरु, कोकोरे हा, कोकोरे रिमा, कोकोरे ओनो. ताही, रुआ, तोरु म्हणजे एक, दोन, तीन. आपल्या द्वितीया-तृतीयेसारख्याच आकड्यांच्या रात्री. मग माहारु, हुआ, आतुआ, माउरे, इना-इरा, राकाउ, आणि ओमोतोही, पौर्णिमा. पौर्णिमेनंतर पुन्हा कोकोरे, पण या वेळी पाचच. मग तापुमे, मातुआ, रोंगो, रोंगो ताने, माउरी नुई, माउरी केरो, मुतु, तिरेओ. अशा अठ्ठावीस रात्री, आणि होतु व हिरो या दोन गरजेप्रमाणे घालायच्या. आपल्याकडे जशी तिथीची वृद्धी होते, क्षय होतो, तशी त्यांच्याकडे रात्र घातली जाते किंवा गाळली जाते, कारण चंद्राचा महिना कधी एकोणतीस रात्रींचा, कधी तीस रात्रींचा भरतो.

फळीवर हेच दिसतं. एक ठरावीक चिन्हसमूह आठ वेळा येतो आणि महिन्याचे भाग पाडतो. प्रत्येक समूहाच्या शेवटी एक मासा आहे. पौर्णिमेच्या आधीच्या चार समूहांत माशाचं तोंड वर आहे, नंतरच्या चारांत खाली. शुक्ल पक्ष आणि कृष्ण पक्ष! पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी उठून गच्चीत गेलो. कोरणाऱ्यानं माशाला वर-खाली वळवून चंद्राचं वाढणं आणि झिजणं दाखवलं. इथे मासा हा मासा नाही, मीन राशीही नाही, तो दिशा दाखवतो. पौर्णिमेच्या जागी एक निराळंच चिन्ह येतं. बेटावरचा मेतोरो नावाचा माणूस त्याबद्दल म्हणाला होता की आकाशात जमिनीतली चूल पेटवणारी म्हातारी. आपल्या पोरांना चंद्रावर ससा दिसतो, त्यांच्या पोरांना चुलीपाशी बसलेली म्हातारी दिसायची.

मामारीवरच्या या ओळींचा विषय काय आहे हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. या ओळींइतकी सहमती सबंध रोंगोरोंगोत दुसरीकडे कुठेच नाही. आणि एवढं असूनही त्या 'वाचता' येत नाहीत. कोणत्या चिन्हाचा उच्चार काय हे यातूनही ठरलेलं नाही. चंद्राच्या बाबतीत ही स्थिती असेल तर ताऱ्यांच्या वाचनाला आपण किती जपून पाऊल टाकायला हवं!

माझं पहिलं मागणं त्यातूनच येतं. तुमच्यापैकी जो कुणी ताऱ्यांचं पंचांग मांडेल त्यानं आपल्या वाचनातून मामारीचा हा महिना आधी बाहेर काढून दाखवावा. तुम्ही एखाद्या चिन्हाला 'अगस्त्य उगवला' असा अर्थ दिला असेल आणि तेच चिन्ह चंद्राच्या रात्रींमध्ये वारंवार येत असेल, तर तिथे त्याचा अर्थ काय, हे सांगावं. ते सांगता येत नसेल तर वाचन तिथेच थांबायला हवं.

दुसरं मागणं आकाशाबद्दल आहे, आणि ते मी विशेष आग्रहानं मांडतो. कारण आपल्या मंडळींच्या लेखांत मला सर्वांत जास्त चुका इथेच दिसल्या. आपण मुंबई-पुण्याचं आकाश डोळ्यांसमोर ठेवून रापा नुईची फळी वाचतो. तिथे ध्रुव तारा कधीच दिसत नाही. कृत्तिका, ज्यांना ते मातारिकी म्हणतात, आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातात; तिथे त्या उत्तरेकडून, क्षितिजापासून सुमारे ४० अंशांवरून सरकतात. अगस्त्य आपल्याला पुण्यातून दक्षिणेला जेमतेम १९ अंश वर येतो. तिथे तो ६० अंशांच्याही वर चढतो. मृग तिथे डोक्यावर उलटा उभा असतो, आणि त्यातलं तिकांडं, त्यांचं ताउतोरु, त्याच्या भोवतीच्या चौकटीसकट उलटं. आपल्याकडे संध्याकाळच्या बीजेची कोर खालच्या उजव्या अंगानं उजळलेली असते, तिथे खालच्या डाव्या अंगानं. कोरींची दिशा पाहून शुक्ल-कृष्ण पक्ष ठरवणारा एक लेख मी वाचला, तो सगळा आपल्या आकाशाच्या हिशोबानं लिहिलेला होता. त्यात फळी ओळीगणिक फिरवायची असते याचाही विचार नव्हता. अशा लेखातली आकडेमोड कितीही सुबक असली तरी तिचा उपयोग नाही.

याला जोडूनच एक गोष्ट. काही जण ताऱ्यांच्या 'स्थिती'वरून फळीचं वय काढतात. परांचनामुळे, म्हणजे पृथ्वीचा आस अगदी संथपणे फिरत असल्यामुळे, तारे साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतात. तीनशे वर्षांत चार-सवाचार अंश, म्हणजे एखाद्या ताऱ्याच्या पहाटेच्या उदयाच्या तारखेत फार तर चारेक दिवसांचा फरक. सेंटिमीटरभराच्या आकृतीवरून चार दिवसांचा फरक कोण ओळखणार? वयाचा प्रश्न प्रयोगशाळेत सोडवावा लागतो, आणि तिथे खरोखर काम झालं आहे. सिल्व्हिया फेरारा आणि सहकाऱ्यांनी रोममधल्या चार फळ्यांचं कार्बन कालमापन करून २०२४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका फळीचं लाकूड १४९३ ते १५०९ च्या दरम्यानचं निघालं. डच जहाजं १७२२ साली ईस्टरच्या दिवशी बेटावर पोचली, त्याच्याही दोनशे वर्षं आधीचं. यानं झाड कधी तोडलं गेलं ते कळतं, चिन्हं कधी कोरली ते नाही, आणि ते लाकूड बेटावरच्या झाडाचं नाही. तरीही युरोपीय लोकांना पाहून बेटवाल्यांनी लिहिण्याची कल्पना उचलली असं जे सर्रास म्हटलं जायचं, त्याला यामुळे मोठा धक्का बसला. स्वतःहून लिपी निर्माण करणारे मानवसमाज इतिहासात मोजकेच आहेत. हे लोक त्यांतले असतील तर त्यांच्या अक्षरांशी आपण किती आदरानं वागायला हवं!

त्या जुन्या लाकडाची फळीच १८६८ साली ताहितीच्या बिशपकडे, फ्लोरांतँ-एत्येन झोसाँ यांच्याकडे, भेट म्हणून पोचली होती. खरं तर भेट दिली होती माणसाच्या केसांची एक लांबलचक दोरी. ती गुंडाळायला म्हणून ही फळी वापरली होती. दोरी उलगडली आणि खालची चिन्हं दिसली. चार वर्षांपूर्वी, १८६४ मध्ये, एझेन एरो हे मिशनरी लिहून गेले होते की बेटावर घराघरांत अशा फळ्या आहेत. १८६८ मध्ये शोधायला गेल्यावर थोड्याच मिळाल्या.

मधल्या काळात आणि त्याच्या जरासं आधी काय झालं होतं, हे आकाशाच्या ओढीनं इकडे वळलेल्या प्रत्येकानं जाणून घ्यायला हवं. १८६२-६३ साली पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरून सुमारे दीड हजार माणसं उचलून नेली. त्यांत राजघराण्यातली माणसं होती, आणि फळ्यांवरचा मजकूर गाऊन दाखवणारे जाणकारही होते. जे थोडे परत आले त्यांच्याबरोबर देवीची साथ आली. १८७७ साली बेटावर १११ माणसं मोजली गेली. एका सबंध समाजाची वाचण्याची विद्या पंधरा वर्षांत संपली. आपण ज्याला 'गूढ लिपी' म्हणून मोठ्या कौतुकानं मिरवतो, तिच्या गूढपणाचं कारण हे आहे.

उरलेल्या लोकांपैकी मेतोरो ताउआ उरे याला झोसाँ यांनी ताहितीत गाठलं आणि त्याच्याकडून चार फळ्या गाऊन घेतल्या. त्यानं प्रत्येक चिन्ह पाहून 'माणूस', 'मासा', 'कासव', 'आकाशाकडे उड्डाण' असं म्हणत गायलं. त्यातून सलग अर्थाचं वाक्य काही लागेना. पुढे १८८६ साली थॉमसननी उरे वाए इको या वृद्धाला फळ्यांची छायाचित्रं दाखवली. तो तोंडपाठ गाऊ लागला, आणि मधेच छायाचित्र बदललं तरी त्याचं गाणं तसंच सुरू राहिलं. या दोघांना खोटारडे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं म्हणवत नाही. परक्या माणसानं पुढे ठेवलेल्या, आपल्या वडीलधाऱ्यांच्या फळीसमोर त्या वृद्धाला जे आठवत होतं ते त्यानं गायलं. आणि मेतोरोच्या तोंडची ती चूल पेटवणारी म्हातारी अजूनही पौर्णिमेच्या जागी चपखल बसते. पण मेतोरोनं 'हेतुउ', म्हणजे तारा, म्हटलं तेवढ्यावर नक्षत्रमाला उभी करता येणार नाही.

पारख करायला चांगली जागा निराळी आहे, आणि ती एका तरुणानं शोधली. लेनिनग्राडच्या (आता सेंट पीटर्सबर्गच्या) कुन्स्तकामेरा संग्रहालयात दोन फळ्या आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बोरिस कुद्रियावत्सेव या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की या दोन फळ्यांवर आणि चिलीतल्या सँतियागोच्या एका फळीवर तोच मजकूर आहे, किंचित फरकानं. दुसऱ्या महायुद्धात तो गेला. वयानं लहान, पण या शास्त्राला त्यानं जे दिलं ते फार थोड्यांनी दिलं. कारण एकच मजकूर तीन हातांनी कोरलेला असेल तर कोणतं चिन्ह कोणाच्या जागी चालतं, कुठली चिन्हं एकमेकांना जोडून येतात, कुठे काही गाळलं जातं, हे आकृतीकडे न पाहताही मोजता येतं. अशाच मोजणीच्या आधारे कॉन्स्तान्तिन आणि इगोर पोझ्द्न्याकोव यांनी २००७ साली मांडलं की शेकडो वाटणारी चिन्हं मुळात पन्नासेक मूळ चिन्हांच्या जोडण्या असाव्यात. हे बरोबर असेल तर 'एक आकृती, एक नक्षत्र' ही आपली सगळी पद्धतच ढासळते. जोडाक्षरातला अर्धा 'र' वेगळा काढून त्याला एखाद्या ग्रहाचं नाव द्यावं, तसं आपण करत आलो असू.

म्हणून तिसरं मागणं. वाचन सँतियागोच्या फळीवर करा, आणि सेंट पीटर्सबर्गच्या फळ्या तोपर्यंत झाकून ठेवा. तुमची पद्धत खरी असेल तर झाकलेल्या फळीवर त्याच जागी तेच तारे त्याच क्रमानं यायला हवेत. एका फळीवर 'मातारिकी' आणि दुसरीवर त्याच जागी 'मूळ' निघालं तर उत्तर मिळालंच. ही पारख वाचन जाहीर करण्याआधी करा, आणि काय निघालं तर मी माझं म्हणणं सोडून देईन, हे आधीच लिहून ठेवा.

चौथी गोष्ट खास आपल्या भारतीय वाचकांसाठी. रोंगोरोंगो आणि सिंधू लिपी एकच, असं सांगणारे मराठी मजकूर माझ्याकडे सतत येतात. ही कल्पना १९३२ साली गियोम द हेवेशी यांनी पॅरिसमध्ये मांडली. दोन्हींकडच्या सारख्या दिसणाऱ्या चिन्हांचे तक्ते त्यांनी शेजारी शेजारी लावले होते. मेत्रो यांनी पुढे मूळ वस्तू पाहून दाखवलं की जुळवण्यासाठी बरीच चिन्हं थोडी वाकवलेली, थोडी सरळ केलेली होती. सिंधू संस्कृतीची भरभराट चार हजार वर्षांपूर्वी ओसरली, आणि अंतर तर अर्ध्या पृथ्वीचं. दोन न वाचलेल्या लिप्या एकमेकींवर ठेवून दोन्ही वाचता येत नाहीत. त्यातही मला खुपतं ते हे की यात त्या लोकांची विद्या त्यांच्याकडून काढून आपल्या नावावर करण्याचा मोह आहे. त्यांच्याकडून आधीच फार काही नेलं गेलं आहे.

ताऱ्यांबद्दल बेटावर खरोखर काय माहीत होतं याचा माग फळ्यांशिवायही लागतो, आणि तिकडे आपण फार कमी पाहतो. बेटाच्या पूर्व टोकाला पोइके भागात 'पापा उइ हेतुउ' नावाचा खडक आहे. नावाचा अर्थच 'तारे पाहण्याचा खडक'. इंग्रज संशोधक कॅथरीन रूटलेज यांना तो १९१४-१५ च्या मोहिमेत दाखवला गेला. आहु हुरी आ उरेंगा या ठिकाणचा मोआई अयनदिनीच्या सूर्याकडे तोंड करून उभा असल्याचं पुरातत्त्वज्ञ विल्यम मलॉय यांनी दाखवलं. वर्षाची सुरुवात आनाकेना महिन्यानं होई. हिवाळ्यात खोल समुद्रातल्या मासेमारीवर बंदी असे. वसंतात मानुतारा पक्षी आला की ओरोंगोच्या कड्यावर पक्षीमानवाचा सोहळा होई. ताऱ्यांचं पंचांग असतं ते अशा कामांना बांधलेलं असतं. आपल्याकडे 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही म्हण स्वातीला शेताशी बांधते. कोळी बांधव उधाण आणि भांग तिथीवरून सांगतात. तसा रापा नुईचा तारा कोणत्या मासळीशी, कोणत्या लावणीशी, कोणत्या बंदीशी बांधलेला होता, हे ज्या वाचनात येत नाही ते पंचांग कुणाच्या उपयोगाचं असणार?

आणि हे विचारायला माणसं आहेत. रापा नुई भाषा जिवंत आहे, बोलणारे आहेत, आपल्या आजी-आजोबांकडून आलेली रात्रींची नावं सांगणारे आहेत. त्यांच्या भाषेचं व्याकरण न शिकता, त्यांच्याशी एक शब्द न बोलता त्यांची लिपी उलगडल्याचं जाहीर करणं मला योग्य वाटत नाही. कुठलीही मोडी वाचणारी व्यक्ती सांगेल की अक्षर लागलं तरी त्या काळची मराठी येत नसेल तर कागद लागत नाही.

शेवटी ज्या संस्थांकडे या वस्तू आहेत त्यांच्यासाठी, कारण हे पत्र तुमच्यापैकी कुणामार्फत तरी तिथवर पोचेल अशी आशा आहे. मूळ फळी एकही बेटावर नाही. रोम, सँतियागो, सेंट पीटर्सबर्ग, लंडन, बर्लिन, व्हिएन्ना, वॉशिंग्टन, होनोलुलू, न्यूयॉर्क, अशा त्या विखुरल्या आहेत. केइती नावाची फळी बेल्जियममधल्या लूवँ इथे होती. ऑगस्ट १९१४ मध्ये विद्यापीठाचं ग्रंथालय जळलं, त्यात ती गेली. तिचं वाचन आज जे काही होतं ते आधी घेतलेल्या छायाचित्रांवर आणि ठशांवर. म्हणून प्रत्येक वस्तूच्या सर्व अंगांची बारीक, त्रिमितीय छायाचित्रं सगळ्यांना मोकळी असावीत, आणि त्यांचा पहिला संच बेटावरच्या शाळेत आणि संग्रहालयात पोचावा. मूळ वस्तूंचं काय करायचं ते रापा नुईच्या लोकांशी बसून ठरवावं. ताऱ्यांचा खरा अभ्यास करू पाहणाऱ्या आपल्या सगळ्यांनी ही मागणी एकत्र करावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. आज आपण बार्थेलच्या काळच्या रेखाटनांवरून वाद घालतो, आणि रेखाटणाऱ्याच्या हाताची चूक कधी कधी नक्षत्र म्हणून वाचतो.

माझी ती चौकटीची वही मी जपून ठेवली आहे. त्यात एका पानावर मामारीची ओळ आणि दुसऱ्या पानावर भाचीनं उलटी उतरवलेली ओळ, दोन्हींसमोर तीच नक्षत्रं लिहिलेली. ज्यांना आपली पद्धत तपासून पाहायची असेल त्यांना दोन्ही पानांची प्रत द्यायला मी तयार आहे. कोणतं पान सरळ आणि कोणतं उलटं ते सांगणार नाही. तुमच्या पद्धतीनं ते ओळखून दाखवलंत तर तुमचा लेख मी स्वतः चार मित्रांना वाचून दाखवीन.

आपला,
रात्री गच्चीत आकाश पाहणारा एक मराठी वाचक